साडेदहा किलोचा बेस ॲम्प : प्रकल्प नोंदी, नागपूर

१६ मार्च २०२५

बेस गिटारसाठी हेड (ॲम्पची पेटी) आणि एक दहा इंची कॅबिनेट (स्पीकरचे खोके) घरी बांधायचे आहे. दोन्ही मिळून अकरा किलोच्या आत बसवायचे, म्हणजे एका माणसाला जिना चढून नेता येतील आणि दुचाकीवर मागच्याने मांडीवर धरता येतील. कॅबिनेट आठ ओहमचे. सव्वाशे वॅट स्वच्छ मिळावेत. मे महिन्यातल्या दुपारी बंद खोलीत दोन तास वाजवले तरी बंद पडता कामा नये. नागपुरात पारा ४५ च्या वर जातो. परदेशी आकृत्यांमध्ये खोली २५ अंशांची धरलेली असते, म्हणून शेवटची अट आधीच लिहून ठेवतो आहोत.

वजन कुठे वाचते याचा हिशेब सुरुवातीलाच केला. जुन्या पद्धतीच्या ॲम्पमध्ये तीनशे व्हीएचा टोरॉइड ट्रान्सफॉर्मर अडीच-तीन किलोचा असतो आणि हीट सिंक दीड-दोन किलोचा. क्लास डी (वेगाने चालू-बंद होणारा, कमी तापणारा ॲम्प) आणि एसएमपीएस (हलका स्विचिंग वीजपुरवठा) वापरले की इथे साधारण साडेतीन किलो वाचतात. पण खोक्याचा प्लाय आणि स्पीकरचे चुंबक यांत तेवढेच वजन लपलेले असते आणि त्याकडे लक्ष कमी जाते. दहा इंची फेराइट चुंबकाचा स्पीकर पाच किलोच्या आसपास भरतो, निओडिमियमचा सव्वादोन-अडीच किलो. चिप बदलून खोके जुन्याच लाकडाचे ठेवले तर उचलताना फारसा फरक कळत नाही.

पॉवरसाठी टीपीए३२५५ चा बोर्ड ठरला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ही चिप ५३.५ व्होल्टपर्यंत चालते. ४८ व्होल्टवर ब्रिज जोडणीत (स्पीकरची दोन्ही टोके ॲम्प उलटसुलट चालवतो) आउटपुटचे शिखर साधारण ४६ व्होल्टचे येते. ४६ चा वर्ग भागिले दोन गुणिले आठ, म्हणजे १३२ वॅट. कॉइल आणि आतल्या मॉसफेटमधली गळती वजा जाता १२० च्या आसपास. चार ओहमवर दुप्पट. ३६ व्होल्टचा सप्लाय स्वस्त मिळतो, पण त्यावर आठ ओहमला ७० वॅटच निघतात. म्हणून ४८.

या चिपचे दोन चॅनेल समांतर जोडून मोनो केले की पॉवर दुप्पट होते, असा समज पसरलेला आहे. व्होल्टेज तेवढेच राहते, फक्त करंट देण्याची ताकद वाढते. त्याचा उपयोग दोन ओहमच्या लोडला. आठ ओहमच्या कॅबिनेटला एक चॅनेल पुरतो. दुसरा मोकळा ठेवणार.

२२ मार्च

खरेदी. पुरवठा : ३५० वॅटचा ४८ व्होल्ट, ७.३ ॲम्पियरचा जाळीदार एसएमपीएस, २१.५ × ११.५ × ३ सेंमी, वजन पाऊण किलोच्या किंचित वर. याच्या बाजूला ११५/२३० चा सरकता स्विच असतो. जोडण्याआधी तो २३० वर आहे हे डोळ्यांनी बघायचे. ११५ वर राहिला तर पहिल्याच सेकंदाला आतले कॅपॅसिटर फुटतात.

ॲल्युमिनियमची दीड मिमी जाडीची पत्री पेटी, २८ × २४ × ७ सेंमी. रिकामी ८४० ग्रॅम.

बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) रेझिस्टर, टीएल०७२ (दोन ॲम्प्लिफायरची ऑप-ॲम्प चिप), पॉट (फिरवायचा रेझिस्टर), झीरो पीसीबी (भोकांचा कोरा बोर्ड) असे सगळे किरकोळ सामान एका फेरीत होते. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर मात्र पारखून घ्यावे. ६३ व्होल्ट छापलेले दोन कॅपॅसिटर शंका आली म्हणून १० किलोओहममधून ४८ व्होल्टवर ठेवून बघितले. दहा मिनिटांनंतर रेझिस्टरवर एकाला ०.०४ व्होल्ट होते आणि दुसऱ्याला २.१. म्हणजे दुसऱ्यातून २१० मायक्रोॲम्पियर गळत होते. आकाराच्या मानाने फार हलका कॅपॅसिटर असला की ही चाचणी करावीच.

स्पीकर दहा इंची, आठ ओहम, निओडिमियम, २५० वॅट, वजन २.३ किलो. डेटाशीटवर मोकळ्या हवेतला अनुनाद ५० हर्ट्झ, क्यूटीएस (अनुनाद किती दाबला जातो त्याचा आकडा) ०.३८, व्हीएएस (कोनच्या लवचिकतेएवढी हवा) ४५ लिटर. हे आकडे निवडूनच घेतले. क्यूटीएस ०.३८ च्या जवळ असला की पोर्टवाल्या (हवेचा पाइप असलेल्या) खोक्याचे गणित सरळ सुटते : व्हीएएसला १.४१ ने भागायचे आणि खोके स्पीकरच्याच अनुनादावर ट्यून करायचे. म्हणजे ३२ लिटर आणि ५० हर्ट्झ.

बेसची सर्वांत जाड तार ४१.२ हर्ट्झची. या खोक्यात तिथे साधारण साडेसात डेसिबल कमी मिळतील. तरी चालते, कारण त्या सुराचा मोठा भाग ८२ हर्ट्झच्या दुसऱ्या हार्मोनिकमध्ये असतो आणि कान मूळ सूर त्यावरून ओळखतो. पाच तारांच्या बेसला, ३०.९ हर्ट्झच्या तारेला, हे खोके घेऊ नये.

२९ मार्च

एसएमपीएस एकटाच चालू केला. ट्रिमरने ४८.० व्होल्टवर बांधला. तो ५२ च्या वरही चढतो, पण चिपच्या मर्यादेला चिकटवण्यात अर्थ नाही. चार व्होल्टने मिळणारी वाढ पाऊण डेसिबलही नसते.

बेसच्या ठोक्याला आधार म्हणून ४८ व्होल्टच्या ओळीवर आधी १०,००० मायक्रोफॅरड लावले. एसएमपीएस सुरूच होईना, टिक-टिक करत परत परत थांबत राहिला. रिकामा कॅपॅसिटर त्याला शॉर्टसारखा दिसतो आणि ओव्हरलोड संरक्षण त्याला बंद पाडते. ते काढून २२०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचे दोन लावले. लगेच सुरू. ते बोर्डाच्या टर्मिनलपासून पाच सेंमीच्या आत बसवले, लांब तारेवर ठेवून उपयोग नाही.

मेन्सकडून : फ्यूज असलेले तीन पिनांचे सॉकेट, ५ ॲम्पियर स्लो-ब्लो फ्यूज, दोन पोलचा स्विच. साधा फास्ट फ्यूज चालू करतानाच्या झटक्याला उडतो. अर्थची हिरवी-पिवळी तार पेटीला दातेरी वॉशरने, रंग खरवडून, स्वतंत्र बोल्टवर. या बोल्टवर दुसरे काहीही लावायचे नाही.

५ एप्रिल

प्रीॲम्प (पिकअपचा क्षीण सिग्नल वाढवणारे सर्किट) झीरो पीसीबीवर. तीन टीएल०७२, म्हणजे सहा ॲम्प्लिफायर.

इनपुट : जॅकनंतर १० किलोओहम सीरिजमध्ये, त्यापुढे १०० पिकोफॅरड ग्राउंडला, मग ४७ नॅनोफॅरड फिल्म कॅपॅसिटर आणि १ मेगओहम मधल्या (सप्लायच्या निम्म्या) व्होल्टेजला. पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेल्या) बेसचा पिकअप एक मेगओहमपेक्षा कमी भार सहन करत नाही, वरचे सूर बोथट होतात. ४७ नॅनो आणि १ मेग मिळून ३.४ हर्ट्झला कापतात, म्हणजे तिथे बेसचे काही जात नाही. गेन ५.७ : फीडबॅकला ४७ किलोओहम आणि ४७ पिकोफॅरड, खाली १० किलोओहम आणि ४.७ मायक्रोफॅरड.

टोन : बेस-ट्रेबल नियंत्रणाची नेहमीची बॅक्सँडॉल रचना, १०० किलोओहमची दोन लिनियर पॉट. बऱ्याच आकृत्यांत बेस पॉटच्या दोन्ही टोकांना १० किलोओहम दिलेले असतात. त्यातून वाढ अकरापट, म्हणजे जवळजवळ २१ डेसिबल. दहा इंची स्पीकरला ती मारून टाकते. इथे ३३ किलोओहम घातले. वाढ चौपट, १२ डेसिबल. पॉटवर ३३ नॅनोफॅरड, त्यामुळे वाढ १५० हर्ट्झच्या खाली सुरू होते.

त्यानंतर हाय-पास (फार खालच्या वारंवारिता कापणारा) फिल्टर. या प्रकल्पातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गरजेची गोष्ट हीच. पोर्टवाल्या खोक्यात ट्यूनिंगच्या खाली स्पीकरच्या कोनला हवेचा आधार उरत नाही. तारेवर तळहात आपटला तरी कोन बाहेर झेपावतो, ऐकू काही येत नाही आणि कॉइल आपटते. सॅलन-की रचना (एका ऑप-ॲम्पवरचा फिल्टर), दोन्ही कॅपॅसिटर १०० नॅनोफॅरड. आउटपुटकडून येणारा रेझिस्टर ३३ किलोओहम, मधल्या व्होल्टेजला जाणारा ६८ किलोओहम. हिशेबाने ३३.६ हर्ट्झ आणि क्यू (कापण्याच्या कोपऱ्याचा तीक्ष्णपणा) ०.७२. हे दोन रेझिस्टर अदलाबदल झाले तर क्यू ०.३५ वर येतो आणि फिल्टर ८० हर्ट्झच्या वरूनच आवाज खायला लागतो. सोल्डर करण्याआधी मोजून लावावे.

फिल्टरनंतर १० किलोओहमचा लॉग पॉट, तोच व्हॉल्यूम. डीआय आउटपुट (थेट मिक्सरला जाणारे) पॉटच्या आधी घेतले, म्हणजे स्टेजवर आवाज कमी-जास्त केला तरी मिक्सरला जाणारी पातळी हलत नाही.

प्रीॲम्पला २४ व्होल्ट लागतात. त्यासाठी ४८ वरून उतरवणारे बक मॉड्यूल घेतले, एलएम२५९६ च्या एचव्ही प्रकारचे. साधे एलएम२५९६ चाळीस व्होल्टच्या वर चालत नाही, आणि दिसायला दोन्ही मॉड्यूल सारखीच. चिपवर एचव्ही छापलेले आहे का ते भिंगाने बघावे. बक २७ व्होल्टला, त्यापुढे ७८२४ (२४ व्होल्टचा रेग्युलेटर).

१२ एप्रिल

लकडगंजातून १२ मिमीचा पॉपलर प्लाय. आठ बाय चारची पूर्ण शीट १७ किलो भरली, त्याच मापाची गर्जनची २५ च्या वर जाते. आमच्या खोक्यापुरता फरक दोन किलोंचा. पॉपलर मऊ असतो, स्क्रू धरत नाही, कोपरे दबतात. त्याची सोय वेगळी करावी लागते, पण दोन किलोंसाठी ती करायला आम्ही तयार आहोत.

आतले माप ३६ × ३४ × ३० सेंमी, म्हणजे ३६.७ लिटर. त्यातून स्पीकरचा मागचा भाग दीड लिटर, दोन पाइप दोन लिटर, बत्त्या (कोपऱ्यांतल्या लाकडी पट्ट्या) आणि आडवा टेकू मिळून एक लिटरच्या वर. उरतात ३२.

कापायचे तुकडे : वर-खाली ३८.४ × ३४.४ चे दोन, बाजूंचे ३४ × ३४.४ चे दोन, पुढचा-मागचा ३६ × ३४ चे दोन. पुढचा तुकडा दोन सेंमी आत बसतो, म्हणजे जाळीला जागा राहते. प्लायवाल्याकडच्या मोठ्या मशीनवरच कापून घेतले. घरी हातकरवतीने एक मिमीचा तिरपेपणा आला की सगळ्या कोपऱ्यांतून हवा गळते.

पुढच्या तुकड्यावर स्पीकरचे केंद्र खालून १९.८ सेंमीवर, आडवे मधोमध. पाइपची केंद्रे खालच्या दोन कोपऱ्यांत, दोन्ही कडांपासून साडेपाच सेंमी. स्पीकरची चौकट आणि पाइप यांत दोन सेंमी लाकूड उरते. त्यापेक्षा कमी ठेवू नये.

१३ एप्रिल

चिकटवणे. बाहेर ४२ अंश, आत कूलर चालू. कूलरच्या झोतात फेविकॉलवर तीन-चार मिनिटांत साय धरली आणि पहिला सांधा सुकाच बसला. तो उखडून, घासून परत केला. मग कूलर बंद करून, पहाटे साडेपाचला, एका वेळी एकच सांधा. दोन्ही कडांना पातळ हात, बत्त्या २० × २० मिमीच्या पाइनच्या, शिकंजे रात्रभर. पॉपलरची कड गोंद शोषून घेते, म्हणून कडेला आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक हात देऊन दहा मिनिटांनी मूळ हात द्यावा.

स्पीकरसाठी टी-नट (लाकडात मागून ठोकायचे नट). मऊ लाकडात ते फिरतात, म्हणून मागून इपॉक्सी. इपॉक्सी आट्यांत जाऊ नये यासाठी बोल्टला ग्रीस लावून तो आत ठेवूनच सुकवले.

१९ एप्रिल

बोर्ड, एसएमपीएस, प्रीॲम्प पेटीत. पहिल्यांदा जोडताना एसएमपीएसच्या मेन्स ओळीत १०० वॅटचा पिवळा बल्ब सीरिजमध्ये. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, शॉर्ट नाही.

ब्रिज आउटपुटबद्दल एक ठळक नोंद. स्पीकरच्या दोन्ही टोकांपैकी एकही ग्राउंड नाही. दोन्ही टोकांवर पेटीच्या मानाने २४ व्होल्ट उभे असतात. साधा पाव इंची धातूचा जॅक पेटीत बसवला तर त्याची बाही पेटीला लागते आणि आउटपुट थेट शॉर्ट होतो. म्हणून स्पीकॉन सॉकेट, १+ आणि १−. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिपही इथे लावायची नाही. दोन प्रोब दोन टोकांना, क्लिपा मोकळ्या, आणि स्क्रीनवर वजाबाकी.

आवाज आला. गुणगुण नाही. पण मागे एक बारीक शिट्टी, चार-पाच किलोहर्ट्झची, व्हॉल्यूम पॉटबरोबर कमी-जास्त होणारी. पेटी तापत गेली तशी शिट्टी हळूहळू खाली सरकत दीड किलोहर्ट्झवर आली.

२० एप्रिल

शिट्टीचा दिवस. व्हॉल्यूमबरोबर बदलते म्हणजे ती पॉटच्या आधी शिरते. इनपुट शॉर्ट केले, तशीच. इनपुटची वायर हलवली, तशीच. म्हणजे ती सप्लायमधून येते. बक मॉड्यूल सोडवून प्रीॲम्प तीन ९ व्होल्ट बॅटरींवर, २७ व्होल्टवर, चालवला. शिट्टी पूर्ण गायब.

कारण : एलएम२५९६ दीडशे किलोहर्ट्झवर चालतो, पण त्याची खरी वारंवारिता १२७ ते १७३ मध्ये कुठेही असू शकते. तिचा चौथा हार्मोनिक ६०० च्या परिसरात येतो. आमचा पॉवर बोर्ड स्कोपवर ६०० च्या जवळ स्विच करताना दिसला. दोघांतला फरक काही हजार हर्ट्झचा, आणि तोच फरक कानाला शिट्टी म्हणून ऐकू येतो. तापमानाबरोबर दोन्ही वारंवारिता वेगवेगळ्या सरकतात, म्हणून शिट्टीही सरकते. सूर बदलणारी शिट्टी ऐकू आली की दोन स्विचिंग सर्किटांचे भांडण समजावे आणि कॅपॅसिटर वाढवत बसू नये. ७८२४ पुढे असूनही ती आत आली, कारण इतक्या वरच्या वारंवारितेला असला रेग्युलेटर काहीच अडवत नाही.

आणि मुळात बकची गरज नव्हती. तीन टीएल०७२ मिळून साडेआठ मिलिॲम्पियरच्या आसपास खातात, मधल्या व्होल्टेजचा विभाजक आणखी एक. एवढ्यासाठी स्विचिंग सप्लाय कशाला. ४८ व्होल्टवरून १ किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर, त्यापुढे १एन४७४९ए, २४ व्होल्टचा १ वॅटचा झीनर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा डायोड), सोबत २२० मायक्रोफॅरड. मग १०० ओहम आणि ४७० मायक्रोफॅरड, तिथून प्रीॲम्प. रेझिस्टरवर पाऊण वॅटपेक्षा कमी उष्णता. प्रीॲम्पला २३ व्होल्ट मिळाले. शिट्टी नाही, झीनरची सरसर नाही. पाच सुटे भाग.

२६ एप्रिल

पोर्ट. ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप, दोन नग. ७५ हे बाहेरचे माप, आतला व्यास पाइपच्या दाबवर्गाप्रमाणे बदलतो. आमचा व्हर्नियरवर ७० मिमी भरला. ५० हर्ट्झसाठी हिशेबाने लांबी २३.७ सेंमी येते, पुढच्या प्लायची जाडी धरून. कापलेला पाइप वाढवता येत नाही, म्हणून २६ चे कापले.

ट्यूनिंग मोजायला महागडे यंत्र लागत नाही. मोबाइलवरचे सिग्नल जनरेटर, ॲम्प, स्पीकरच्या ओळीत १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर, आणि स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर. वारंवारिता एकेक हर्ट्झने सरकवायची. व्होल्टेजला दोन शिखरे येतात आणि त्यांच्या मधली दरी म्हणजे खोक्याचे ट्यूनिंग.

२६ सेंमीला दरी ४६.५ वर. २४ ला ४८. साडेबावीसला ४९.५. इथे थांबलो. हिशेबापेक्षा दीड हर्ट्झ खाली येत राहिले, कारण पाइपचे मागचे तोंड मागच्या भिंतीच्या जवळ आहे आणि तिथली हवा पाइपची लांबी वाढवल्यासारखी वागते. मागे निदान पाइपच्या व्यासाएवढी जागा हवी. आमची साडेआठ सेंमी आहे.

मागच्या आणि एका बाजूच्या भिंतीला दोन सेंमीचा पॉलिएस्टर वाडिंगचा थर, पाइपच्या तोंडासमोर मात्र काही नाही. मोठ्या आवाजात ६० हर्ट्झच्या जवळ मागची भिंत थरथरत होती. मधोमध पुढून-मागे टेकू होता, तो भिंतीला अर्धा मिमी लागत नव्हता. फटीत प्लायची पट्टी गोंद लावून ठोकली, थरथर गेली. बारा मिमी पॉपलरला टेकू नसेल तर खोके स्वतःच वाजते.

३ मे

पॉवर मोजणी. आठ ओहमचा मोठा लोड रेझिस्टर महाग पडतो. त्याऐवजी पाणी तापवायचे इमर्शन रॉड : २००० वॅट, २३० व्होल्टचा रॉड २६.४ ओहमचा असतो. तीन रॉड समांतर जोडले की ८.८ ओहम. प्लग कापून वेगळ्या टर्मिनलवर आणले, म्हणजे चुकूनही कोणी भिंतीत खुपसणार नाही. तिन्ही पंधरा लिटरच्या बादलीत.

१०० हर्ट्झ, स्कोपवर शिखरे सपाट होण्याच्या ठीक आधी ३१.६ व्होल्ट आरएमएस. म्हणजे ११३ वॅट. ८ ओहमला नेले तर सव्वाशेच्या जवळ. ४० हर्ट्झलाही तेवढेच व्होल्टेज, एसएमपीएस ४८.० वरून ४७.६ ला उतरला. बोर्डाचा गेन वीसपट निघाला, त्यामुळे पूर्ण आवाजाला त्याला १.६ व्होल्ट आरएमएस पुरतात. प्रीॲम्पकडे हे सहज आहे. पॅसिव्ह बेसच्या जोरदार ठोक्याला पॉट तीनच्या जागी असतानाच क्लिपिंग सुरू होते असे कोणाला दिसले तर बोर्डाचा गेन आधी मोजावा. वेगवेगळ्या बोर्डांवर तो बराच वेगळा असतो.

आउटपुटच्या कॉइलला हात लावून बघितला (सप्लाय काढून, दोन मिनिटे थांबून). पूर्ण पॉवरला दहा मिनिटांनी कोमट. इथे चटका बसला तर कॉइल सॅच्युरेट होते आहे असे धरावे आणि बोर्ड बदलावा.

११ मे

उष्णतेची परीक्षा. दुपारी अडीच, बाहेर ४४, खोली बंद, कूलर बंद, आत ४१ अंश. रेकॉर्ड केलेली बेस लाइन लूपवर, सरासरी पॉवर १५ वॅटच्या आसपास. वाजवताना सरासरी साधारण पूर्ण पॉवरच्या अष्टमांशच पडते.

पंख्याशिवाय एका तासात हीट सिंक ७१ अंश, दीड तासाला ७४ वर स्थिर. चालत राहिला. पण एसएमपीएसची पेटी ६१ वर होती, आणि असे सप्लाय ५० अंशांच्या हवेनंतर पूर्ण पॉवर द्यायला बांधील नसतात. हवा काढावीच लागेल.

६० मिमीचा २४ व्होल्टचा पंखा, ४८ व्होल्टवरून ४७० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून. बक परत आणला नाही. आत खेचली जाणारी हवा उजव्या बाजूच्या भोकांतून एसएमपीएसवरून बोर्डावर आणि डावीकडून बाहेर. पंखा बाहेर फेकणारा ठेवला.

हीट सिंकवर बायमेटल थर्मोस्टॅट, केएसडी-९७००, नेहमी उघडा प्रकार. बहुतेक आकृत्यांत ४५ किंवा ५० अंशांचा सांगतात. इथे उन्हाळ्यात तो चालू करताक्षणी लागेल आणि रात्रीपर्यंत सुटणार नाही. ६० चा लावला. आता शांत सरावात पंखा लागत नाही. जोरात वाजवले की चाळीस मिनिटांनी लागतो, सिंक ५८ पर्यंत उतरतो, थर्मोस्टॅट सुटायला मात्र बराच वेळ घेतो. एसएमपीएसची पेटी ५० वर.

आत मोकळे सोडलेले इलेक्ट्रोलिटिक सगळे १०५ अंशांचे. ८५ चे नागपूरसाठी घेऊ नयेत. दर दहा अंशांना त्यांचे आयुष्य निम्मे होते.

१७ मे

डीआय. उरलेल्या दोन ॲम्प्लिफायरांतून एक सरळ, एक उलटा, प्रत्येकी १०० ओहममधून एक्सएलआरच्या २ आणि ३ नंबरला. मधले कॅपॅसिटर नीट समजून लावावे. मिक्सरचा फँटम (मायक्रोफोनसाठी केबलवर दिलेले ४८ व्होल्ट) बंद असला की आमच्या बाजूला साडेअकरा व्होल्ट आणि तिकडे शून्य. फँटम चालू झाला की तिकडे ४८ पर्यंत. म्हणजे ध्रुव उलटतो. एकच इलेक्ट्रोलिटिक कोणत्याही दिशेने लावला तरी एका वेळी उलटाच पडतो. १०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचे दोन, वजा टोके एकमेकांना जोडून. १ नंबर पेटीला थेट न जोडता १० ओहम आणि १०० नॅनोफॅरड समांतर, त्यावर शॉर्ट करणारा स्विच. मिक्सरशी ग्राउंड लूप झाला की तो उघडायचा.

लांब केबल लावल्यावर इनपुटला अगदी मंद रेडिओ ऐकू आला, मीडियम वेव्हचा. १०० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर बोर्डावर होता, जॅकपासून १२ सेंमी दूर. तेवढी तार ॲन्टेना झाली. तो आणि १० किलोओहम उचलून जॅकच्या टर्मिनलवरच सोल्डर केले, कॅपॅसिटरचे दुसरे टोक जॅकशेजारीच पेटीला. रेडिओ गेला. हाच पेटी आणि ऑडिओ ग्राउंड यांचा एकमेव सांधा ठेवला आहे, बाकी सगळे जॅक इन्सुलेटेड.

कूलर चालू-बंद करताना येणारा टक् आवाजही याच बदलाने बराच कमी झाला. उरलेला मेन्स सॉकेटवर १०० नॅनोफॅरडचा एक्स२ कॅपॅसिटर लावल्यावर गेला.

२५ मे

रेक्झिन, जाळी, हँडल, रबरी पाय. पॉपलरच्या सगळ्या कडांना रेक्झिनआधी सँडिंग सीलरचे दोन हात. जूनमध्ये पाऊस लागला की उघडी कड ओल ओढते आणि थर सुटतात. कोपऱ्यांना प्लास्टिकचे टोपण, धातूचे आठ कोपरे पाव किलोने वजन वाढवतात.

शेवटचे वजन. हेड २.४ किलो : पेटी ०.८४, एसएमपीएस ०.७६, बोर्ड आणि सिंक ०.३५, बाकी प्रीॲम्प, पंखा, सॉकेट, तारा. कॅबिनेट ८.२ किलो : प्लाय ४, स्पीकर २.३, बत्त्या आणि टेकू ०.७, पाइप ०.३५, उरलेले जाळी, हँडल, रेक्झिन, स्क्रू. एकूण १०.६.

चार तारांच्या बेसवर, ड्रमरसह छोट्या सराव-खोलीत व्हॉल्यूम अर्ध्याच्या जरा वर पुरतो. खालची ई, म्हणजे सर्वांत जाड तार, स्वच्छ येते, बेसचा नॉब दोनच्या पुढे नेला तर पाइपमधून हवेचा फुफाटा ऐकू येतो. नॉब मधोमध ठेवून कॅबिनेट भिंतीला टेकवले तर त्यापेक्षा चांगला परिणाम मिळतो. उघड्या मैदानावरच्या ऑर्केस्ट्राला हे एकटे पुरणार नाही. तिथे डीआय मिक्सरला द्यायचा आणि हे स्वतःला ऐकण्यापुरते शेजारी ठेवायचे. दुसरे असेच कॅबिनेट जोडले तर लोड चार ओहम होतो, पॉवर दुप्पट आणि एसएमपीएस ३०० वॅटच्या आतच राहतो. त्याचे तुकडे उरलेल्या प्लायमधून निघतील.

दर महिन्याला करायचे : एसएमपीएसच्या जाळीतली धूळ ब्रशने, स्पीकरचे आठ बोल्ट पाव फेरा आवळून बघणे. पॉपलर पहिल्या उन्हाळ्यात आकसतो, बोल्ट ढिले होतात आणि तो खडखडाट फाटलेल्या कोनसारखा ऐकू येतो.